घरचा हिशेब, घरचा गणक
(महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रोजच्या हिशेबासाठी स्वतः लिहिलेला गणक-प्रोग्राम, हा आमचा आजचा विषय आहे. हाती मोबाईल असताना त्याची गरज काय, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. मोबाईल उत्तर चटकन देतो. परंतु कोणता आकडा कशाचा होता, हे तो सांगत नाही.

आपल्या वडील पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी मुखोद्गत केली होती. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण, या व्यवहारात ती पदोपदी कामी येई. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ती हळूहळू मागे पडली. ते योग्यच झाले. तथापि त्या काळी हिशेबाची रीत ज्याची त्याच्यापाशी असे. ती आपण यंत्राच्या स्वाधीन केली. प्रोग्राम लिहिणे म्हणजे ती परत आपल्या हाती घेणे होय.

संगणकावर चित्रे व बटणे नसलेली एक साधी खिडकी असते. तीत आपण एक ओळ लिहावी आणि संगणकाने खाली उत्तराची ओळ लिहावी, असा पाटीपेन्सिलीसारखा व्यवहार असतो. तिला कमांड लाइन म्हणतात. पायथॉन ही भाषा वापरली, तर वीस-पंचवीस ओळींत घरगुती गणक तयार होतो.

समजा, संत्र्याचे ३७ क्रेट भरले. एकूण वजन ८१४ किलो. रिकामा क्रेट २ किलोचा. म्हणून निव्वळ माल ७४० किलो. दर ३२ रुपये धरल्यास २३,६८० रुपये झाले. क्रेटमागे ८ रुपयांप्रमाणे हमाली २९६ आणि गाडीभाडे १,१५० वजा जाता हाती २२,२३४ रुपये आले. साध्या गणकयंत्रावर शेवटी हा एकच आकडा उरतो. आपला प्रोग्राम वजन, क्रेट, दर, हमाली, भाडे असे नावानिशी विचारतो, प्रत्येक पायरी छापतो आणि तारखेसह नोंदवून ठेवतो. महिन्याभराने वाद निघाला, तर फरक कोठे पडला ते बोट ठेवून दाखविता येते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. २ + ३ × ४ हे पायथॉन शाळेतल्या नियमाने १४ सांगते. पुष्कळ साध्या गणकयंत्रांवर बटणे ओळीने दाबल्यास २० येतात. जेथे शंका तेथे कंस घालावा. दुसरे असे की, संगणक दोनांच्या पटीत मोजतो. एक तृतीयांश जसा आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा एक दशांश त्याला लिहिता येत नाही. त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो ०.३ हून किंचित अधिक दाखवितो. यावर उपाय सोपा आहे: सारी रक्कम पैशांत, पूर्ण संख्येने मांडावी आणि रुपये शेवटी करावेत.

आणखी एक सोय आपल्या भागास विशेष मोलाची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा-सौसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीचा कागद हिंदीत, पण घरातला हिशेब आजही मराठीत चालतो. पायथॉनमध्ये प्रश्न मराठीत विचारता येतात, राशींची नावे देवनागरीत ठेवता येतात, आणि आजीने ‘३२’ असा मराठी आकडा लिहिला तरी त्याची संख्या करता येते.

प्रोग्राम आज्ञाधारक असतो, शहाणा नसतो. सूत्र चुकीचे दिले, तर चुकीचे उत्तरही तो तितक्याच तत्परतेने देतो. म्हणून कागदावर सोडविलेल्या पाच हिशेबांवर तो आधी पारखून घ्यावा. पाढ्यांची गरज संपलेली नाही, ती येथे आहे.

आपल्या न्यासास आमची एक विनंती आहे. सुट्टीत मुलामुलींना हा धडा द्यावा. सूत्र लिहिण्यासाठी त्यांना घरी विचारावे लागेल की वजन कोण करतो, क्रेटचे वजन कोण वजा धरतो, भाडे कोणाच्या माथी पडते. ज्या घरात हे प्रश्न मुले विचारू लागतील, त्या घरातील माणूस दुसऱ्याने मांडलेल्या आकड्याखाली न पाहता सही करणार नाही.