नानासाहेबांचं चित्र कोणी रंगवलं?

शहाजीराजांच्या जहागिरीच्या या बेंगळुरू शहरात, राजाजीनगरात यादवीतल्या बातमीदारीवरची ही परिषद पत्रकार, अभ्यासक आणि वाचकांसाठी भरली आहे. ज्या राजाजींचं नाव या वस्तीला आहे, ते देशाचे गव्हर्नर जनरल होते आणि १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढून नेहरूंचे कडवे विरोधकही झाले. आपली बाजू मांडायला त्यांना ‘स्वराज्य’ साप्ताहिक होतं. यादवीत विरोधी नेत्याच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येतं.

त्याचा दाखला शोधायला मराठी माणसाला दूर जावं लागत नाही. १८५७ च्या धामधुमीत एकीकडे नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई. दुसरीकडे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे. मराठी घराणी दोन्ही बाजूंना होती. छापखान्यांवर मात्र जून १८५७ पासून गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या परवान्याचा पहारा होता.

कानपूरच्या बीबीघरात बायकामुलांची कत्तल झाली, हे खरंच. पण इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिच्यावर विटंबनेच्या ऐकीव कथांची पुटं चढवली आणि नानासाहेबांचा राक्षस केला. १८५८ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे विल्यम हॉवर्ड रसेल स्वतः हिंदुस्थानात फिरले, तेव्हा त्यातल्या अनेक कथांना त्यांना पुरावा सापडेना. तोवर राक्षस सगळीकडे पोचला होता. लाखाचं इनाम लावूनही नानासाहेब सरकारच्या हाती लागले नाहीत; ज्यूल व्हर्नच्या १८८० च्या कादंबरीत मात्र ते अवतरले.

मुंबईत वेगळंच घडलं. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट एतद्देशीयांवर इतकी आग ओकू लागले, की हिंदी भागधारकांनीच हरकत घेतली. बुइस्ट ऐकेनात. त्यांना जावं लागलं आणि रॉबर्ट नाइट आले. हेच पत्र १८६१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालं.

आणि वरसईचे विष्णुभट गोडसे! दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेलेले हे भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडले. राणीचा व्यायाम, घोडेस्वारी, दरबारातला पोशाख त्यांनी टिपला. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून आला तो १९०७ मध्ये, राणी पडल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

आजच्या सत्रांत श्रीलंका, सीरिया, म्यानमारच्या बातम्या निघतील. बातमीदार तिथे गेला होता का, विरोधी बाजूचं कोणी बोललं का आणि पत्रात हरकत घेणारं कोणी होतं का, हे प्रत्येक बातमीला विचारलं जावं, एवढी स्वागत समितीची अपेक्षा आहे. परिषदेच्या अध्यक्षांनी आता सूत्रं स्वीकारावीत, ही विनंती.