तुमचा व्यवसाय कोणता?



पाळी सुटण्याच्या वेळी बोईसरच्या रस्त्यांवर जो जनप्रवाह लोटतो, तेच तारापूर औद्योगिक वसाहतीचे खरे भांडवल होय. रसायने, औषधे, कापड, पोलाद हे सारे याच हातांतून घडते. या हातांचे आरोग्य जपणारे व्यावसायिक आरोग्यशास्त्र मात्र बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षेपुरते एक प्रकरण असते.

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असा आग्रह धरला. तीन शतके लोटली, तरी घाईच्या तपासणीत हाच प्रश्न राहून जातो.

त्याची किंमत कोण मोजतो? रंगद्रव्यांच्या खात्यातील कामगार खोकला व धाप घेऊन येतो. सुट्टीत गावी गेल्यावर त्रास कमी होतो काय आणि कामावर परतताच बळावतो काय, एवढे विचारले तरी व्यावसायिक दम्याची शंका येऊ शकते. न विचारल्यास औषधही चालू राहते आणि रोगाचे कारणही! बेन्झिडीनसारख्या रसायनामुळे होणारा मूत्राशयाचा कर्करोग तर अनेक वर्षांनी प्रकटतो. तोवर कामगार कदाचित कारखाना सोडून दूरच्या गावी परतलेला असतो. म्हणूनच हे ज्ञान केवळ कारखान्याच्या डॉक्टरास असून भागत नाही.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण आले व कामगारांच्या वैद्यकीय नोंदी ठेवणे बंधनकारक झाले. काही व्यवसायजन्य रोगांची सूचना शासनास देणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरचेही कर्तव्य आहे; २०२० च्या संहितेनेही ते कायम ठेवले. परंतु जो रोग ओळखलाच गेला नाही, त्याची सूचना कोण देणार?

मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत एमबीबीएसनंतर औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करता येतो. पण ती वाट धरण्याची ओढ विद्यार्थिदशेतच लागावयास हवी. कारखान्याची भेट ही सहल न मानता तेथील धूळ, वाफ, आवाज यांची नोंद करावी. प्रत्येक रुग्णाच्या इतिहासात आजचा आणि पूर्वीचा व्यवसाय लिहावा.

या शाखेत प्रसिद्धी थोडी आहे. मात्र एका कामगाराच्या रोगाचे मूळ सापडले, तर त्याच यंत्रापाशी उभ्या असलेल्या इतरांचे रक्षण होते. दवाखान्यात बसून इतक्या घरांचे आधार राखण्याची संधी किती शाखा देतात?