पहिली फळी

स्वागत समितीच्या वतीने मिरजेत आपलं मनःपूर्वक स्वागत! १८९४मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे रुग्णालय उभारलं. तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण या गावाची वाट धरतात. आज त्याच वाटेने फळमाशीचे अभ्यासक आले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे.

वॉर्डात आम्हांला एक प्रश्न रोज छळतो. जंतू तोच, औषध तेच. तरी एक रुग्ण चौथ्या दिवशी चालत घरी जातो, दुसऱ्याला व्हेंटिलेटर लागतो. असं का? हाच प्रश्न आपण पिकल्या केळ्यावरच्या चिलटाला, म्हणजे फळमाशीला, विचारता. माशीला कार्बन डायऑक्साइडची गुंगी द्यायची, जीवाणूंत बुडवलेली बारीक सुई छातीवर टोचायची, मक्याच्या पिठाचं खाद्य असलेल्या नळीत तिला सोडायचं आणि रोज मोजायचं, किती जगल्या, किती मेल्या.

माशीला प्रतिपिंडं नसतात. तिची सारी मदार जन्मजात प्रतिकारशक्तीवर. त्यामुळे शरीराची ही पहिली फळी तिच्यात स्वच्छ दिसते. जंतू टोचून सावध झालेली माशी पुढच्या संसर्गाला तोंड देते, हे स्वीडनमध्ये हान्स बोमन यांनी १९७२मध्ये दाखवलं. १९९६मध्ये स्ट्रासबूर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी ‘टोल’ जनुक बिघडलेल्या माश्यांना बुरशीची लागण केली. माश्या मेल्या, अंगावर बुरशीचे तंतू माजले. गर्भाची पाठ आणि पोट ठरवणारं हे जनुक पहारेकरीही निघालं! ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंसाठी माशीत ‘इम्ड’ नावाची दुसरी यंत्रणा आहे. पुढे टोलची भावंडं माणसातही सापडली. त्यांतलं एक जीवाणूंच्या विषाची वर्दी देतं, हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८मध्ये उंदरांत सिद्ध केलं. २०११च्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयटलर हे दोघेही मानकरी होते. सेप्सिसच्या रुग्णात हीच वर्दी हाताबाहेर जाते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. तरुण डॉक्टरांनो, सभागृहाबाहेर मांडलेल्या सूक्ष्मदर्शकांतून ही माशी डोळे भरून पाहा. संशोधक मित्रहो, परतण्याआधी आमच्या वॉर्डात एक फेरी मारा. नळीतल्या मोजणीचा आणि खाटेवरच्या श्वासाचा हिशेब एकच आहे.

राहण्याजेवणात काही उणं पडलं, तर हक्काने सांगा.