झाडाला थंडी नाही, तहान मारते

आजचा विषय छोटासाच आहे, पण तो मला एक झाड गमावून कळला.

मी राहतो अमेरिकेत, मिनियापोलिसला. इथे हिवाळ्यात पारा कधीकधी उणे २५ सेल्सिअसच्याही खाली जातो. बाबा साताऱ्याहून आले होते. परत जाताना म्हणाले, "अंगणात एक झाड लाव रे." नोव्हेंबरच्या मध्यावर नर्सरीत सेल लागला आणि मी स्प्रूसचं रोप घेऊन आलो. म्हटलं, हे तर थंडीतलंच झाड, त्याला काय होतंय! मार्चमध्ये बघतो तर अख्खं तपकिरी.

मला वाटलं, गारठून मेलं. पण ते मेलं तहानेनं. स्प्रूसची सुईसारखी पानं हिवाळ्यातही ऊन-वाऱ्यात पाणी सोडत राहतात. खाली माती गोठलेली, म्हणजे मुळांना पाणी मिळणार कुठून? त्यात नवी मुळं फुटायला मी वेळच दिला नव्हता.

आपल्याकडे झाड लावायचं म्हणजे जून-जुलै, पाऊस सुरू झाला की. कारण मुळं धरायला पाणी हवं. इथे पाण्याबरोबर मातीची ऊबही बघावी लागते.

मग कधी लावायचं? एक, वसंतात. जमिनीतला बर्फ वितळला, माती खणता येऊ लागली की, म्हणजे इथे साधारण एप्रिलअखेर ते मे. मुळांना माती न ठेवता विकतात ती रोपं तर तेव्हाच लावायची, कळ्या उमलायच्या आत. ओक, बर्चलाही वसंतच बरा.

दोन, सप्टेंबर-ऑक्टोबर. मेपलसारखी पानगळीची झाडं तेव्हा छान लागतात. पानं गळाली की पाण्याची मागणी कमी होते, पण माती अजून उबदार असते, म्हणून मुळं वाढत राहतात. सदाहरित झाड असेल तर मात्र सप्टेंबर संपायच्या आत उरका. आणि भर जुलै टाळा. इथे आपला मान्सून नाही!

दुसरं स्प्रूस मी मे महिन्यात लावलं. बुंध्यापासून थोडं अंतर सोडून लाकडाच्या ढलप्यांचा ३ इंच थर दिला. जमीन गोठेपर्यंत पाणी घालत राहिलो.

पहिलं झाड गेल्याचं बाबांना सांगायला मला दोन महिने लागले होते. आता व्हिडिओ कॉलवर ते आधी झाड बघतात, मग मला.

चला, भेटू पुढच्या भागात!