रक्ती, वजडी आणि बलूत

फिलिपाइन्समध्ये संध्याकाळनंतर रस्त्यांवर ‘बलूत’ विकतात. बदकाचं फलित अंडं साधारण 14 ते 18 दिवस उबवून उकडतात. आतलं पिल्लू आकार घेऊ लागलेलं असतं. वरून टवका काढायचा, आतला रस ओढायचा, मग मीठ किंवा व्हिनेगर घालून उरलेलं खायचं. मनिलाजवळचं पातेरोस त्यासाठी प्रसिद्ध आहे. बलूत ताकद देतं, ही तिथली श्रद्धा.

बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्यात ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण हाड मोडलं की बोकडाच्या पायांचा रस्सा आपल्याकडेही पाजतातच. आणि वजडी? आतडी-कोथळा गरम पाण्यानं पुन्हापुन्हा धुवायचा, खरवडायचा, मग तिखटात शिजवायचा. केवढे कष्ट! रक्ती म्हणजे गोठलेलं रक्त, कांदा-मिरचीत परतलेलं.

फिलिपाइन्समध्ये बलूत आवडीनं, उघडपणे खातात. आपल्याकडे मात्र अशा पदार्थांना जातीचा शिक्का बसला. मेलेल्या ढोराचं मांस ज्यांच्या वाट्याला टाकलं, त्यांनी त्याच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या केल्या, त्या टंचाईच्या दिवसांत पुरवल्या. ही पाककला होती, पण पाककृतींच्या पुस्तकांत तिला जागा नव्हती. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं हे रांधणं कृतींसह लिहून ठेवलं. 2024 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. आपल्या बुलढाण्याच्या घरांतल्या अशा कृती अजून आजी-आत्यांच्या तोंडी आहेत. त्या विचारा, लिहून घ्या.