खाणीचे ढिगारे



आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या उत्तरेस, पेंच आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत, कोळशाच्या खाणी आहेत. दक्षिणेस सावनेर तालुक्यात कोळसा आणि मँगनीज दोन्ही सापडतात. खनिज दूरदेशी जाते. त्यासाठी उपसलेली दगडमाती मात्र जागच्या जागी रचली जाते. खाण बंद पडली तरी हा ढिगारा उभाच राहतो. त्याचे पुढे काय करावयाचे?

हे ढिगारे उजाड दिसतात, त्याला कारण आहे. खोदताना सुपीक माती तळाशी गाडली जाते आणि खोल भूगर्भातला खडक वर येतो. त्यात नत्र नसते, कुजलेला पालापाचोळा नसतो. पाणी ठरत नाही, आणि काळा दगड उन्हात तापून बी करपवितो.

शिवाय धोकाही असतो. वेल्समधील अॅबरफान गावी खाणमातीचा ढीग झऱ्यावर रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, पावसाळी दिवसांत, तो पाणी मुरून खचला आणि शाळेवर कोसळला. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. ज्याने वर्गात हजेरी घेतली आहे, त्याला हा आकडा विसरता येणार नाही.

उलटपक्षी, उत्तर फ्रान्समधील लूस-आँ-गोएल येथील जुळे ढीग सपाट मुलखात दुरूनच ओळखू येतात. त्यांच्या उबदार उतारांवर रानफुले, पक्षी आणि भेक यांनी घर केले आहे. तो सारा खाणप्रदेश २०१२ साली जागतिक वारशात गणला गेला.

आपल्याकडेही असे घडू शकते. सावनेर तालुक्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, घातला. नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांची जोड दिली. त्या जागी झाडे रुजली.

म्हणून तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. उतार आणि पाण्याचा निचरा प्रथम तपासावा. नवी खाण उघडताना वरची माती वेगळी राखावी. आणि जो ढीग आपणहून हिरवा झाला असेल, तो सपाट करण्यापूर्वी तिथे कोण राहावयास आले आहे, ते पाहावे.