गाठ काढली, पण कड मोकळी आहे का?

आम्ही अनसिंगच्या बचत गटातल्या मैत्रिणी बोलतोय.

आमच्या गटातल्या एका ताईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. टाके सुकले. मग रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, आणखी एक छोटं ऑपरेशन करावं लागेल. ताई हबकली. "आता मी जाणारच नाही," म्हणाली. गल्लीत बोलणं सुरू झालं, की सुरी लागली म्हणून रोग पसरला. आम्हीही घाबरलो. मग तिच्यासोबत जाऊन सगळं विचारून घेतलं.

किडकं वांगं चिरताना आपण किडीभोवतीचा थोडा चांगला भागही काढतो. गाठ काढतानाही तसंच करतात. पण कर्करोगाच्या बारीक पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाही लागत नाहीत. म्हणून काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात, पातळ काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईपर्यंत रोग पोचलेला दिसला, तर आत थोडा राहिला असू शकतो. याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासण्याची सोय आहे. तिला फ्रोझन सेक्शन म्हणतात.

आता उजेडाचीही मदत घेतात. अशा एका औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ऑपरेशनआधी २ ते ६ तास ते शिरेतून देतात. गाठ काढल्यावर सर्जन त्या खोलगट जागेत छोटा कॅमेरा फिरवतात. रोग राहिला असेल, तिथे पडद्यावर चमक दिसते. ३५७ बायांवर ही पद्धत वापरली, तेव्हा नेहमीसारखी गाठ काढल्यावरही २७ जणींच्या आत उरलेला रोग सापडला आणि लगेच काढता आला. मात्र औषधाची काहींना जबर ॲलर्जी होऊ शकते. चमक कधी फसवतेही. म्हणून सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट हवाच.

हे ऐकून ताईला उमगलं, की सुरीने रोग पसरला नाही. तो आधीच तिथे होता, नुसता दिसत नव्हता. दुसरं ऑपरेशन म्हणजे उरलेलं काम पुरं करणं.

तर बायांनो, ऑपरेशनआधी विचारा: कड तपासायची सोय ऑपरेशन चालू असतानाच आहे का? नंतर विचारा: कडा मोकळ्या आहेत का? रिपोर्टचा कागद रेशनकार्डासारखा जपून ठेवा. पैशाची अडचण असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, तेही दवाखान्यात विचारा.

ताईने तारीख घेतली आहे. आमच्यातल्या दोघी सोबत जाणार आहोत. तिच्या घरच्या शेळ्या बाकीच्या जणी बघतील.